पियानोसाठी गारवा

जुलैच्या ऐन भरात डेल्फिनाच्या छपरावरचा एसी घरघरला, दोन आचके दिले आणि गप्प झाला. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात एसी जाणे म्हणजे भर समुद्रात होडीला भोक पडणे. दुपारपर्यंत भिंती आतून तापल्या. दाराची कडी फडक्याशिवाय धरवेना.

तिचा नवरा रोसेंदो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. पाय इतके सुजले होते की बोट दाबले की खळगा तसाच राही. हिवाळ्यात त्याच्या हृदयाने एकदा दगा दिला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावले होते, की याला उन्हाच्या काहिलीत ठेवू नका, पुन्हा झेपायचे नाही.

मेकॅनिक तीनो शिडीवरून उतरला तेव्हा त्याचे तोंड उकडलेल्या बिटासारखे झाले होते.

"मावशी, कंप्रेसर गेला."

"मग नवा बसव."

"असता तर बसवला असता. अख्खं शहर रांगेत उभं आहे. मिळाला तर शुक्रवारी."

"आज सोमवार आहे, तीनो."

"वार मला माहीत आहे, मावशी. कंप्रेसरचंच काही माहीत नाही."

ज्यांचे एसी बंद पडलेत त्यांनी लायब्ररीत येऊन गारव्याला बसावे, अशी सोय शहराने केली होती. डेल्फिनाने नुसते नाव काढले तर रोसेंदो उसळला. "या गावाची छपरं घालण्यात माझा जन्म गेला. आता पुस्तक उलटं धरून लायब्ररीत बसू?"

"सुलटं धर. कोण नको म्हणतंय?"

टूसॉनला मुलीकडे जायलाही तो तयार नव्हता. जावयाच्या घरी त्याला घास उतरत नसे.

कुंपणापलीकडचा एसी मात्र सुखात गुणगुणत होता, आणि त्या घरात चिटपाखरू नव्हते. ते घर मार्लिसबाई आणि डेल या उत्तरेकडच्या बर्फाळ मिनेसोटातल्या जोडप्याचे. थंडी पडली की यायचे, ऊन तापले की पळायचे. अर्धी गल्ली तशीच होती. उन्हाळ्यात पडदे पाडून घरे झोपायची, आणि किल्ल्या राहायच्या ज्यांना पळायला जागा नाही त्यांच्याकडे. डेल्फिना आठवड्यातून एकदा जाऊन तिथले नळ सोडून येई, नाहीतर मोऱ्यांच्या वाकड्या नळीतले पाणी आटून गटारातली झुरळे वर चढतात. एसी चालू असे तो पियानोसाठी. मार्लिसबाईंच्या आईचा पियानो होता. घर तापले तर लाकडाला तडा जातो म्हणे. डेल मिनेसोटात बसून फोनवर बोट फिरवून इथला गारवा कमीजास्त करी.

"चल तिकडे," डेल्फिना म्हणाली.

"विचारल्याशिवाय मी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकणार नाही, म्हातारे. मी चोर नाही."

म्हणून तिने फोन केला.

"अरेरे, काय हो हे," मार्लिसबाई म्हणाल्या. "माझी तर काहीच हरकत नाही. फक्त डेलला विचारते हं."

डेल्फिना फोन मांडीवर घेऊन बसली. रोसेंदोच्या डोक्यावरचा ओला टॉवेल दोनदा वाळला, दोनदा भिजवला, तेव्हा कुठे फोन वाजला.

"डेल म्हणतो विम्याचं बघायला हवं. म्हणजे देव न करो, पण रोसेंदोंना आमच्या घरात काही झालं तर…"

"आणि इथे आमच्या घरात झालं तर चालेल?"

"तसं नाही हो. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. उद्या वकिलाला विचारून नक्की कळवतो."

तोंडावर नाही म्हणाल्या असत्या तर डेल्फिनाने चार शिव्या देऊन मन मोकळे केले असते. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, धरायला काही सापडतच नाही. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिले. त्याने कुरकुर थांबवली होती. लग्न झाल्यापासून ती त्याची कुरकुर ऐकत आली होती. तो असा गप्प बसलेला पाहून तिने खुंटीवरची शेजाऱ्यांची किल्ली काढली.

"काय म्हणाले?" त्याने विचारले.

"या म्हणाले."

छत्री धरून तिने त्याला नेले. अंतर ते काय, दोन अंगणांचे. पण खडीवर चपलेतून चटके बसत होते, आणि निवडुंगापाशी थांबून त्याला दम खावा लागला. गल्लीत एक कुत्रेसुद्धा नव्हते. दार उघडले तशी थंड हवा अंगावर आली. रोसेंदो सोफ्यात बसला. डेल्फिनाने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

"सोफा आहे की चिखल?" तो पुटपुटला. "बसला माणूस की बुडाला."

डेल्फिनाला बरे वाटले. तेवढ्यात दिव्याशेजारच्या कॅमेऱ्याच्या पांढऱ्या डबीतून डेलचा आवाज आला.

"डेल्फिना? दार उघडल्याचं इथे फोनवर दिसलं. नळ सोडायला आलात ना?" मग जरा थांबून, "तिथे कोण बसलंय?"

रोसेंदोने मान वर केली. "तू म्हणालीस, या म्हणाले."

"म्हणाले असते. उद्या. नाहीतर परवा."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला. डेल्फिनाने जाऊन दाराला आतून कुलूप घातले आणि किल्ली पोलक्यात टाकली.

"बस."

"मी चोर नाही, म्हातारे."

"नाहीसच. चोर मी आहे. तू चोरीचा माल. माल आपल्या पायांनी परत जात नसतो."

मग ती डबीकडे वळली. "मिस्टर डेल, आम्ही दोघं आहोत. कंप्रेसर येईपर्यंत राहणार. पोलीस पाठवायचे तर पाठवा, दार मी उघडीन. पण हा इथून उठणार नाही."

डेलच्या मागे मार्लिसबाई काहीतरी कुजबुजत होत्या. शेवटी डेलने घसा खाकरला.

"पोलीस कशाला. राहा. फक्त पियानोवर पाण्याचा ग्लास ठेवू नका. डाग पडतो."

डेल्फिनाच्या ओठांवर पुष्कळ आले होते. पण ज्याच्या बोटाखाली एसी आहे त्याच्याशी किती बोलायचे? "नाही ठेवणार," ती म्हणाली, आणि ते दोन शब्द तिला त्या दिवसातल्या सगळ्या उन्हापेक्षा जास्त झोंबले.

रोसेंदोने हातातला ग्लास खाली जमिनीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"शुक्रवारपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," ती म्हणाली. "पाय तेवढे वर घे."