चौथा कोपरा

केबिन आवरणारे रोज टॉवेल दुमडून करून ठेवत तो हंस आज खुर्चीत बसला होता... मान जराशी कललेली, चोच ऐटीत, पण जागा चुकलेली. पहिल्या दिवशी तो पलंगाच्या मधोमध होता, काल पायथ्याशी, आणि आज सरळ खुर्चीत — पलंगाला हात लावायची कुणाची छातीच झाली नसावी. होणार कशी? चादर होतीच तशी ताणलेली. नाश्ता करून आलेली ती केबिनच्या दारातच थांबून आपल्या कामाकडे बघत राहिली.

जहाजावर चढताना लेकीने बजावलं होतं, “आई, आठ दिवस इकडची काडी तिकडे करायची नाहीस. जन्मभर लोकांच्या खाटा आवरल्यास, आता तुझी कुणीतरी आवरू दे.” हो म्हणाली होती ती, मनापासून. पण सकाळी डोळा उघडला, गोल खिडकीत पाणीच पाणी — आणि हात मात्र केव्हाच गादीखाली गेलेले! एकतीस वर्षं, इस्पितळातला अठरा खाटांचा वॉर्ड... तळवा उलटा, चादर ओढायची, टोक पाकिटासारखं दुमडून आत सारायचं. रुग्ण रात्रभर तळमळला तरी कोपरा सुटता कामा नये. माझा कधी सुटला नाही. एवढ्या मोठ्या जहाजावर असा दुसरा पलंग दाखवा बरं!

“ताई...” केबिन आवरणारे गृहस्थ मागे उभे होते, मिशा अर्ध्या पिकलेल्या, हातात टॉवेलांची चळत. “एक विचारू? माझ्या कामात काही चुकतंय का?”

“छे हो! असं का विचारता?”

“तीन दिवस झाले, पलंग आधीच केलेला असतो. वीस वर्षं हेच करतोय मी. काही कमी पडत असेल तर मलाच सांगा, सुधारीन.”

तिला वॉर्डातला तो दिवस आठवला. नव्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या तेव्हा... अकरा नंबरची खाट, तिने केलेली — सगळ्यांसमोर उसकटून त्यांनी पुन्हा केली होती, एक शब्दही न बोलता. त्या दिवशी जेवणाचा डबा तिने तसाच परत नेला होता. आणि आज मी काय केलं? तेच की! वर, बिचाऱ्याला मदत करतेय म्हणून मिरवत होते.

ती पलंगाशी गेली आणि सगळी चादर ओढून काढली. जिवावर आलं, पण काढली.

“चुकत काही नाही हो. माझीच सवय मेली! घ्या, करा तुम्ही.”

त्यांनी झपाझप तीन कोपरे बसवले. बरे होते. चौथ्याशी मात्र हात थांबले. “ताई, तुमचा तो पाकिटासारखा... कसा करता? परवापासून बघतोय. वीस वर्षांत असा पाहिला नाही.”

ती अशी काही फुलली की लेकीने पाहायला हवं होतं. “तळवा उलटा ठेवा. हं... आता ओढा. भिऊ नका, फाटत नाही ती!”

ते गेले. हंस पुन्हा मधोमध आला होता. चौथा कोपरा पहिल्याच खेपेला जमला होता — शिकवलं कुणी! — पण जरासा सैल होता. अगदी जरासा. एका बोटाने ओढला असता तर बसला असता. ती कडेला टेकली, उजवा हात मांडीखाली दाबला आणि खिडकीतल्या पाण्याकडे बघू लागली. हात शिवशिवत होता. अजून पाच सकाळी उरल्या होत्या.