तळ्यातला ठिपका

धाकटीने आयुष्यात चुका काही कमी केल्या नव्हत्या, पण सगळ्यांत मोठी चूक तिच्या हातून एका रविवारी झाली. परदेशातल्या आपल्या खोलीत बसून घरच्यांशी बोलता बोलता ती सहज सांगून गेली, की हल्ली मी रोज सकाळी पळायला जाते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पळायचं खूळ तिचं स्वतःचं नव्हतं. काँक्रीटला बारीक तडे का जातात, यावर ती संशोधन करत होती. नातेवाइकांना हा विषय सांगितला, की ते आपापल्या गच्चीच्या गळतीबद्दल विचारायचे. ते एक वेळ परवडलं, पण इथे प्रयोगशाळेत घोडं पुरतं अडलं होतं. ठोकळे ओतायचे, पाणी मारायचं, फळीवर वाळवायचे, भार द्यायचा, तडे मोजायचे, सगळं अगदी रीतसर. आणि एकाच घमेल्यातल्या मालाचे दोन ठोकळे घ्यावेत, तर एक धडधाकट आणि एक तडकलेला. सिमेंट बदललं, वाळू बदलली, पाणी तोलून घातलं. तडे आपले त्यांच्या मनाला येईल तसे जायचे.

तिच्या मार्गदर्शक बाई उंच, कोरड्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, की सत्र संपायच्या आत प्रबंधाचं हे प्रकरण लिहून झालं पाहिजे, नाहीतर डॉक्टरेट सोड, छोटी पदवी घे आणि घरी जा. एवढा बॉम्ब टाकून झाल्यावर, ती दारापर्यंत पोचली तेव्हा, त्यांनी मागून आणखी एक सांगितलं. सकाळी पळत जा. कानात गाणी नकोत, कुणाशी बोलणं नको. श्वास ऐकायचा, पाय ऐकायचे आणि विचार करायचा नाही.

धाकटीचं डोकंच फिरलं. माणूस बुडतंय आणि या म्हणतात व्यायाम कर! पण दुसरा काही उपाय हाताशी नव्हता, म्हणून तिने बूट घेतले आणि पळायला लागली. पहिले काही दिवस पोटात कळ, पायात गोळे आणि मनात बाईंचा उद्धार, यापलीकडे काही घडलं नाही. मग एका सकाळी तळ्याच्या काठाने जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ कशाचाच विचार केलेला नाही. ठोकळे नाहीत, बाई नाहीत, परत जावं लागलं तर लोक काय म्हणतील तेही नाही. श्वास आत, श्वास बाहेर, खाली पायांचा एकसारखा आवाज, बस. घरी म्हणे मोठी माणसं डोळे मिटून, मांडी घालून हे करतात. तिला मांडी घातली की झोप यायची. पळताना मात्र जमलं. त्या दिवशी ती लिहायला बसली आणि अडलेलं पान पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशीही सरकलं. तो सकाळचा तास नीट पार पडला की दिवस मार्गी लागायचा, इतकं ते सरळ होतं.

आणि हे सुख पोटात ठेवायचं सोडून तिने घरी सांगितलं.

घरात माणसं चार. बाबा निवृत्त, म्हणजे सगळ्यांच्या कामात लक्ष घालायला पूर्ण मोकळे. आत्या, बाबांची थोरली बहीण, जगात सगळीकडे कुत्रीच कुत्री असतात असं मानणारी. दादाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आणि आई, जी या तिघांचं करायची. परक्या मुलखात पोरगी एकटी पळते म्हटल्यावर बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याने कुत्र्यांची चौकशी केली. दादाने शांतपणे धाकटीकडून फोनवर दोन-चार बटणं दाबून घेतली, आणि तेव्हापासून ती जिथे असेल तिथे आईच्या फोनवर नकाशात एक निळा ठिपका दिसू लागला. आईच्याच फोनवर, कारण बाबांच्या फोनमध्ये सुप्रभाताच्या चित्रांनी तीळभर जागा ठेवली नव्हती.

धाकटीची सकाळ म्हणजे घरची दुपार. जेवणं झालेली, बाबा बाहेरच्या खोलीत कोचावर आडवे. आई ओटा आवरून फोन घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. बाबा पडल्या पडल्या ओरडून विचारायचे, कुठे पोचली? आई सांगायची, पुलाशी. पाणी प्यायला उठले की बाबा स्वतःही एकदा ठिपक्यावर नजर टाकून जायचे. आणि मग बाबा आपल्या फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात करायचे. आज उशिरा का निघालीस? पुलाशी थांबलीस का? दम लागला का? दम लागला तर बस. बसू नकोस, घाम थंड होतो. तिने बुटाची नाडी बांधायला वाकावं, तर दंडाला बांधलेला फोन गुरगुरायचा, का वाकलीस हे तेवढं विचारायचं बाकी असायचं. वर तळ्याचं रामायण वेगळंच. नकाशात तळ्याकाठची पायवाट दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे ती काठाने पळाली की ठिपका थेट पाण्यातून जायचा. 'तळ्यात का गेलीस?' असं बाबा रोज विचारायचे. ती रोज समजावून सांगायची, पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, फोन मुका करून पाहिला, तर बाबा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला उठवायचे. ती बिचारी झोपेतच कोट चढवून हिला शोधायला बाहेर पडायची. फोन खोलीवर ठेवून पाहिला, तर ठिपका हलत नाही म्हणून ताप आलाय का, डॉक्टरकडे गेलीस का. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. आणि या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, 'आई काळजीत आहे.' आई स्वतः कधी एक अक्षर लिहायची नाही. म्हणूनच धाकटीला सगळ्यांत जास्त राग तिचा यायचा. स्वतः नामानिराळी राहून ही यांना चावी देते, असं तिला वाटायचं. श्वास ऐकणं केव्हाच बंद पडलं होतं. पळताना आता ती फोनची वाट बघायची. लिहिणं पुन्हा अडलं आणि सत्र संपत आलं.

अशात एका सकाळी, तळ्याच्या वळणावर, काही ध्यानीमनी नसताना तिच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतली ठोकळ्यांची फळी आली. फळीची एक बाजू भिंतीतल्या हीटरकडे. तडकलेले ठोकळे सगळे... आणि फोन वाजला. बाबा. नुसता नाही, व्हिडिओ कॉल. तिने उचलला तर पडद्यावर बाबांचा कान, आणि मागून आत्याचा आवाज, विचार तिला, विचार. धाकटीने विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, काही नाही, आई म्हणाली तू थांबलीस.

फळी गेली, हीटर गेला, सगळं गेलं. धाकटी तिथेच उभी राहून आठवायला बघत होती, पण डोक्यात बाबांच्या कानाशिवाय काही येईना. तिला रडू यायला लागलं, रागाचं रडू. तिने फोनच बंद करून टाकला आणि पळत सुटली, नेहमीच्या रस्त्याने न जाता टेकडी चढून, पार पलीकडे.

परत आली तेव्हा तळ्याकाठी विद्यापीठाचे दोन सुरक्षारक्षक उभे होते. एकाच्या हातात लांब काठी, तो पाण्यातलं गवत बाजूला सारून बघत होता. तिने विचारलं, तर तो म्हणाला, एक विद्यार्थिनी पाण्यात पडल्याची खबर आलीय.  राग विसरून तीही गुडघ्यांवर बसली आणि लव्हाळ्यात डोकावायला लागली. कुणाची पोर असेल, तिच्या घरच्यांचं काय होईल, असं पुटपुटत ती लव्हाळी बाजूला सारत राहिली. काठीवाल्याने विचारलं, तुला वाटेत कुणी दिसली का? पिवळं जाकीट, लांब वेणी. धाकटीने नाही म्हणून मान हलवली, आणि मग खाली बघितलं. रक्षकानेही बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ठिपका तळ्यात विझला होता ना! बाबांनी विभागाच्या कारकुनाला फोन लावून आपल्या खास इंग्रजीत सांगितलं होतं, की मुलगी बुडाली.

मार्गदर्शक बाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू एकटी पळतेस, असं मला वाटत होतं." मग प्रकरणाची तारीख तीच आहे, याची आठवण दिली.

त्या दिवशी धाकटीने घरी फोन केला तो भांडायच्या तयारीनेच. बाबांनी उचलला. त्यांचा आवाज रडून बसलेला, पण तिने एक ऐकलं नाही. आईला द्या म्हणाली, आणि आईला म्हणाली, बाजूला जा. आई दोरीवरचे कपडे काढायचं निमित्त करून गॅलरीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"आई, मला एक तास हवाय गं," धाकटी म्हणाली. "एवढा एकच मागतेय. तू रोज मला बघत बसतेस, त्यांना सांगतेस, आणि माझं सगळं वाटोळं होतंय. हे प्रकरण नाही झालं तर मला परत यावं लागेल."

 मग आई म्हणाली, "मी तुला बघत नाही."

"म्हणजे?"

"सुरुवातीला बघितलं चार दिवस. मग कळलं, की फोन हातात धरून बसलं की मला कुणी उठवत नाही. तुझे बाबा आपलं पाणी आपण घेतात. आत्या चहासुद्धा उशिरा मागतात. सगळे म्हणतात, तिला हाक मारू नका, ती पोरीकडे बघतेय." आईने दोरीवरचा पुढचा कपडा काढला. "या घरात आल्यापासून दुपारी मी बसलेली कुणी पाहिली नव्हती गं. नुसतं बसलं की काहीतरी काम निघतंच."

धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला.  "मग तासभर करतेस काय?"

"काही नाही. खिडकीबाहेर बघते. डोक्यात काही येऊ देत नाही. यांनी विचारलं तर मधूनमधून सांगते, पुलाशी आहे, वळली, थांबली. तोंडाला येईल ते. थांबली म्हटलं की हे बाहेरच्या खोलीतून तुला फोन लावतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, झोपतात."

धाकटी चार समुद्र ओलांडून, गुडघे फोडून, घाम गाळून जे शिकली होती, ते आई खिडकीत बसून करत होती, आणि तेही तिच्या नावावर चोरून. तिला आपली लाज वाटली. आईचा इतका राग आपण इतके दिवस करत होतो, याचीही वाटली.

"तू तो ठिपका बंद कर," आई म्हणाली. "खुशाल कर. फक्त घरात सांगू नकोस."

"आणि बाबांनी विचारलं तर?"

"सांगेन की. रस्ता पाठ आहे मला तुझा. आणि आता तू कुठे थांबणार नाहीस." एवढं बोलून आईने आतल्या कुणाला तरी आले आले म्हटलं आणि फोन ठेवला.

ठिपका बंद झाला. घरी तह असा ठरला, की पळताना फोन करायचा नाही, आईच्या फोनमध्येही कुणी डोकवायचं नाही, आई बघेल आणि आई सांगेल. बाबांनी कुरकुर केली, पण तळ्याच्या प्रकारानंतर त्यांना फार बोलता येत नव्हतं. धाकटी पळत राहिली. पहिल्या दिवशी काही आठवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा पूल ओलांडताना फळी पुन्हा आली, हीटरसकट, आणि या वेळी ती तशीच प्रयोगशाळेत गेली, घामेजलेली. दोष मालात नव्हताच. हीटरच्या बाजूचे ठोकळे एका अंगाने आधी वाळत होते आणि तडकत होते. इतके दिवस ती सिमेंटला शिव्या घालत होती.

प्रकरण वेळेत गेलं. बाईंनी ते वाचलं, दोन ठिकाणी रेघा मारल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, पुढचं सुरू कर. त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे सोहळाच. धाकटी खोलीवर येऊन जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी पळायलाही उठली नाही. गजर झाला, तो बंद करून तिने कूस बदलली.

जाग आली तेव्हा घरच्या ग्रुपवर बाबांचा लांबलचक मजकूर होता. आज फार छान पळालीस, कुठेही थांबली नाहीस, दमही लागला नाही. आम्ही इथून लक्ष ठेवलं त्याचा हा परिणाम, तेव्हा आमच्यावर चिडत जाऊ नकोस. खाली आत्याचा अंगठा, दादाच्या टाळ्या. धाकटीने कपाळावर हात मारला.

त्याखाली आईचा वेगळा निरोप होता, फक्त तिला. आईने आजवर तिला पाठवलेला पहिलाच.

'आज तुला तळ्याला आणखी एक फेरी मारायला लावली. माझी पाठ फार दुखत होती.'