निळ्या ड्रेसच्या आतलं कापड

शिंप्याने पावाच्या कापाला लोणी लावलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं अगदी कडेपर्यंत, आणि ताटली लेकीसमोर सरकवली. शेजारी दुधाचा पेला ठेवला. मग स्वतःसाठीही एक काप घेतला, कारण तिला एकटीला खायला लावायचं नाही अशी सक्त ताकीद होती.

"आई कधी येणार?" चिमणीने विचारलं.

"शाळा सुटल्यावर. आज मीच आहे."

बायकोची रजा संपली होती आणि आजपासून ती पुन्हा शिकवायला जाऊ लागली होती. इतके दिवस लेकीच्या प्रत्येक जेवणाला तीच समोर बसायची, आणि शिंपी मात्र गिऱ्हाईक आल्याचं निमित्त काढून पुढच्या खोलीत मशीनवर जाऊन बसायचा. आज निमित्त चालणार नव्हतं. उद्या इस्पितळात तिचं वजन करायचं होतं. ते पुन्हा घसरलं, तर चिमणी परत त्या वॉर्डात आणि तिच्या नाकात परत ती नळी. हे सगळं समोरच्या एका ताटलीवर येऊन ठेपलं होतं आणि बापाचा जीव टांगणीला लागला होता.

चिमणी हे तिचं लाडाचं नाव. लहानपणी दोन घास टिपून उठायची म्हणून आत्याने ठेवलेलं. पुढे पाहुणे आले की तिचं कमी खाणं कौतुकाने सांगितलं जायचं आणि पाहुणेही आपल्या पोटावरून हात फिरवत हेवा करायचे. त्यात कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. सोळाव्या वर्षी ती खरोखरच चिमणीएवढी उरली तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली.

आणि तिचा बाप शिंपी. इतर मुलींचे कपडे अंगावर लोंबायला लागले की घरचे हबकतात. चिमणीचे कपडे कधी लोंबलेच नाहीत. ती पुढच्या खोलीत यायची, "बाबा, जरा आत घे ना," म्हणायची, आणि तो ओठांत टाचण्या धरून कामाला लागायचा. ओठांत टाचण्या असल्या की माणूस बोलत नाही, आणि त्याला ते सोयीचंच होतं. निळा ड्रेस तर त्याने पुन्हा पुन्हा आत घेतला. शेवटच्या वेळी मागे सरून बघत तो म्हणाला होता, "हँगरवर घातल्यासारखा बसलाय!" शिंप्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, "कपडे सैल झालेले दिसले नाहीत तुम्हाला?" बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. बाईंना काय ते कळलं असावं. "चूक कुणाची ते शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "हा आजार व्हायला आईबाप लागत नाहीत. बरं व्हायला लागतात."

आता चिमणी पावाकडे बघत होती. रागवायचं नाही, विनवण्या करायच्या नाहीत, दुसऱ्या विषयावर बोलत राहायचं, असं त्याला पढवलेलं होतं. तो हवेबद्दल बोलला. शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलला. मग त्याच्याकडचे विषय संपले.

तिने काप चिमटीत धरला, पण फक्त कोरड्या बाजूने. लोण्याला बोट लागलं तरी ती उठून नळाखाली हात चोळत बसायची. ते कातडीतून आत शिरतं, असं तिला वाटायचं. एक घास गेला. दुसऱ्याला ती अडली.

रिकाम्या हातांनी बसणं शिंप्याच्या जिवावर आलं. मशीनजवळ सकाळी काढून ठेवलेला निळा ड्रेस त्याने उचलून आणला आणि टेबलाशी बसून ब्लेडने बाजूची शिवण उसवायला घेतली. टाके टचटच तुटू लागले.

"तो माझा आहे," चिमणी म्हणाली.

"हो."

"कशाला उसवतोयस?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अंगाबद्दल, मापाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे त्याला बजावलेलं होतं. अन् शहाणा माणूस नेमका तिचाच ड्रेस घेऊन बसला होता!

"मी जाडी होणार म्हणून ना?" तिने ताटली ढकलली. पेला हिंदकळला. "मला तो तसाच हवाय. शीव परत."

त्याने ड्रेस उलटा केला आणि उसवलेली बाजू तिच्यासमोर पसरली.

"मी चुकीचं शिवलं होतं," तो म्हणाला. "माझं काम मी उसवतोय. तू नको काही करू."

आत दुमडलेलं कापड उलगडलं होतं. बाहेरचा निळा रंग धुऊन धुऊन विटलेला, त्याच्या पलीकडची पट्टी जरा गडद, तिच्या पलीकडची आणखी गडद, आणि अगदी कडेची, नव्या ठाणातून कापली होती तशीच्या तशी. पट्ट्यांच्या मधून जुन्या शिवणींच्या भोकांच्या रेघा गेल्या होत्या. चिमणी वाकून बघत राहिली. तिने एका पट्टीवर बोट ठेवलं.

"हे तू कापलं नव्हतंस?"

"नाही."

"आतून टोचायचं मला. मला वाटलं, विसरलास."

शिंपी कापड कापायला विसरत नाही. आत एवढा जाड दुमडा ठेवून शिवणारा शिकाऊ पोऱ्या त्याने हाकलूनच दिला असता. दर वेळी त्याने कात्री हातात घेतली होती आणि दर वेळी खाली ठेवली होती; कापलं असतं तर ड्रेस पुन्हा कधीच सैल करता आला नसता.

"हात धजला नाही," तो म्हणाला. "का ते मला आजही सांगता येत नाही."

तिने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग चिमणीने ताटली पुढे ओढली.

त्यानंतर जे झालं ते तो श्वास रोखून बघत राहिला. आग विझवणाऱ्या जवानांचे गणवेश त्याच्याकडे शिवायला यायचे. त्यांच्या छातीला शौर्यपदकाची फीत लावताना त्याला नेहमी आदराने संकोचल्यासारखं व्हायचं. पण त्यांची आग निदान सगळ्यांना दिसते. इथे एक पोरगी पावाच्या तुकड्याशी झुंजत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्याची शीर ताठ झाली होती, कुणीतरी आतून तिचा हात मागे खेचत होतं आणि ती तो पुन्हा तोंडाशी नेत होती. असं धाडस त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते त्याच्या स्वयंपाकघरात, दिवसातून इतक्या वेळा, तो मशीन चालवत असताना चाललेलं होतं! तो थक्क झाला. आपण हिचे बाप आहोत याचंच त्याला नवल वाटलं.

शाब्बास म्हणायचं नाही, हीही ताकीद होती. त्याने मान खाली घालून स्वतःचा पाव संपवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. उभं आयुष्य चष्म्याशिवाय सुई ओवणाऱ्या माणसाला नेढंच दिसेना, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं.

समोर ताटली रिकामी झाली होती. पेल्याच्या तळाशी दुधाची फक्त रेघ उरली होती.

"दे इकडे," चिमणी म्हणाली.

तिने त्याच्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक चिमटीत पिळलं आणि एका झटक्यात ओवून सुई परत दिली. तिच्या बोटांचं लोणी लागून दोरा बोटभर चकाकत होता. एरवी गिऱ्हाइकाच्या कपड्याला असा हात लागला असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

तो थांबला. ती नळाशी जाईल म्हणून त्याने वाट पाहिली. चिमणी जागची उठली नाही. तिने ड्रेसची दुसरी बाजू स्वतःकडे ओढून घेतली आणि त्याला दिसेल अशी ताणून धरली.

त्याच दोऱ्याने त्याने कडेजवळच्या, सगळ्यात जुन्या रेघेवर पहिला टाका घातला.