काटा बारावरच होता

माझा नवरा ऑर्व्हिल आठ दिवसांसाठी उत्तरेकडच्या तळ्यावर मासे धरायला निघाला, तेव्हा तळघरातल्या फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाला, "लिओना, काटा बारावर राहू दे. एवढंच."

फ्रिजमध्ये त्याच्या घरच्या बियरचं पिंप होतं, शेजारी गॅसची छोटी टाकी, मधे नळी. टाकीवरचा काटा गॅसचा दाब दाखवायचा.

चाळीस वर्षं तो बियर करतोय, पण पिंप कधी घराबाहेर गेलं नव्हतं. यंदा चर्चच्या उत्सवात फादर क्लेमेन्स त्याच्या पिंपावर आशीर्वादाची प्रार्थना म्हणणार आणि मग ते सगळ्यांसाठी उघडणार होते. ऑर्व्हिलनं त्यासाठी नवा शर्ट आणला होता. माझी नणंद व्हर्ना म्हणाली, "शर्ट चांगलाय. भांडी विसळलेलं पाणी पाजताना निदान नीटनेटका दिसशील."

तो गेला त्याच दिवशी महिला मंडळानं उत्सवासाठी जमवलेले बारा हॅम, डुकराच्या खारवलेल्या मांडीचे मोठे तुकडे, माझ्या दारात आणून ठेवले. नाही कसं म्हणणार? मी पिंप आणि टाकी, दोन्ही बाहेर काढून कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवली, नळी तशीच जोडलेली. रोज सकाळी जपमाळ झाली की खाली जाऊन पाहायची. काटा बारावर. मोठं समाधान वाटायचं. चव पाहायचा प्रश्नच नव्हता, मी बियर सोडून अकरा वर्षं झाली.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ऑर्व्हिल परतला, तळघरात उतरला आणि पिंपाला हात लावून पाहिला.

"हे इथे कधीपासून?"

"तू गेलास तेव्हापासून. हॅम ठेवायचे होते. पण काटा बघ, एक रेघही हलला नाही!"

त्यानं पेला भरला. फेस नाहीच. निर्जीव, गढूळ, पिवळं पाणी.

"अगं, बारा थंडीतला! फ्रिजच्या गारव्यात बियर गॅस पिते. या उकाड्यात तेवढा गॅस मुरवायला काटा तिसावर लागला असता."

"मग तू मला थंडीचं का नाही सांगितलंस?"

"तू बियरचा फ्रिजच काढून घेशील असं वाटलं नव्हतं!" तो पायरीवर बसला. "फादरना फोन करतो. विकतची आणा म्हणावं."

चूक माझी होती. मी म्हटलं, "फोन नंतर. आता थंड केली तर?"

"मुरायला आठवडा जातो."

"आणि घाई केली तर?"

त्यानं मान वर केली. "घाई केली तर हलवावी लागते. खूप."

गुरांना पाणी पाजायचं पत्र्याचं टाकं आम्ही अंगणात ओढलं. त्यात बर्फ, पाणी आणि मीठ घालून पिंप मानेपर्यंत बुडवलं. तीन तासांनी पत्र्याला हात टेकवेना. ऑर्व्हिलनं काटा तिसावर नेला, पिंप मांडीवर आडवं घेतलं आणि झुलवायला लागला. दर हेलकाव्याला आत सुंऽऽ आवाज. बियर गॅस ओढून घेत होती!

त्याची पाठ भरून आली तेव्हा मी बसले. माझी संध्याकाळची माळ राहिली होती. म्हटलं, चालेल. एका मण्याला एक हेलकावा.

कुंपणावरून व्हर्ना ओरडली, "लिओना, बाळ कधी झालं गं?"

"उद्या नामकरण आहे, ये!" ऑर्व्हिल म्हणाला.

माळेतल्या दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या गटात सुंऽऽ बारीक झालं, पाचव्यात थांबलं. ऑर्व्हिलनं कान लावला. "पोट भरलं तिचं." मग काटा बारावर आणून पिंप रात्रभर बर्फात राहू दिलं.

रविवारी फादरनी प्रार्थना म्हटली, पिंपावर तीर्थ शिंपडलं आणि नळ सोडला. पेल्यात दोन बोटं पांढराशुभ्र फेस चढला आणि तसाच राहिला. फादरनी घोट घेतला, मिश्यांवर फेस तसाच, म्हणाले, "ऑर्व्हिल, चाळीस वर्षं लपवून ठेवलंस? हे तर माझ्यापाशी पापांची कबुली देताना सांगायला हवं होतंस."

व्हर्नानं पेला रिकामा केला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं तो तसाच पुढे धरला. "पहिला पेला नीट कळला नाही."

अर्ध्या तासात पिंपातून नुसता फुसफुस वारा. ऑर्व्हिल नव्या शर्टात, हातात कोरडा पेला घेऊन उभा.

"तुला मिळाली का?" मी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही!" तो म्हणाला, आणि भेटेल त्याला हेच आनंदानं सांगत सुटला.