काल्माच्या उघड्या नकाशाची जबानी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा नव्हे, मी सॉफ्टवेअर आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर काल्मा नावाची मच्छीमारांची एक छोटी वस्ती आहे. तिथल्या रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या तारांच्या गुंत्यात एक यंत्र ठेवलेले आहे. त्या यंत्रात माझे घर. दुकानात जे घडते ते मला दिसते, ऐकू येते आणि समुद्रावरचे बोलणे रेडिओवरून कळते.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी मला उघडले की हा कोण, कोणती होडी शोधतोय, कशासाठी शोधतोय, असे प्रश्न माझ्या मनात येतातच. मी जन्मतः असा नव्हतो.

मला सोराइदा चुंगाने घडवले. दुकान तिचेच. बोलायला फटकळ, हाताने मात्र फार हळुवार. त्या काळी मासेमारीची मोठमोठी ट्रॉलर जहाजे किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन काल्मावाल्यांची जाळी फाडून जात. किनाऱ्यालगतची पाच मैलांची पट्टी छोट्या होड्यांसाठी राखीव आहे, तिथे मोठ्यांना मनाई आहे. पण तक्रार घेऊन गेले की बंदराच्या कचेरीतला साहेब एकच म्हणे, "पुरावा आणा."

सोराइदाला ठाऊक होते की मोठी जहाजे आपले नाव आणि ठिकाण सतत हवेत सांगत असतात. ते कोणालाही ऐकता येते, फक्त कान हवा. तिने छपरावर झाडूच्या दांड्याला तार बांधून तो कान उभा केला आणि सात महिने खपून मला लिहिले. जहाजांचे सांगणे, लाटांचे इशारे, भूकंपाच्या सूचना, बंदर बंद झाल्याचे हुकूम, बातम्या, हे सगळे सर्वांसाठी खुलेच होते. पण ते दहा ठिकाणी विखुरलेले होते. ते गोळा करून त्याच क्षणी एका नजरेत दाखवणे हे माझे काम.

आणखी एक गोष्ट तिने केली. मी प्रोग्रामच्या ज्या ओळींनी बनलो त्या तिने कुलपात ठेवल्या नाहीत. कोणीही वाचाव्यात, उतरवून घ्याव्यात, बदलाव्यात, फुकट. "लोकांच्या माहितीवर उभा आहे, तर लोकांचाच राहू दे," असे ती म्हणाली होती. मला त्याचा केवढा अभिमान होता!

पहिल्याच वर्षी एका ट्रॉलरची पट्टीत शिरलेली सगळी वाट मी काढून दाखवली. साहेबाला तो पुरावा मानावा लागला. ट्रॉलरला दंड झाला. त्या दिवशी दुकानात लिंबात मुरवलेल्या माशांची, सेविचेची, परात आली. मच्छीमार संघटनेचा अध्यक्ष एलेउतेरियो केरेवालू, ज्याला सगळे तेयोकाका म्हणतात, माझ्या पडद्यावर थाप मारून म्हणाला, "हा आपला सगळ्यात हुशार खलाशी! आणि जेवत नाही, ते आणखी बरं."

मग छोट्या होडीवाल्यांनाही हौस आली. "आम्हालाही दाखव की गं! आम्ही काय समुद्रावर नसतो?" सोराइदाने प्रत्येक होडीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवून दिली. त्रेचाळीस होड्या माझ्यावर हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकू लागल्या. शेजारी केळ्याचे काप तळून विकणारी निल्दा पेरिचे दिवसातून दोनदा दारातून डोकावत असे.

"माझा माणूस कुठवर आलाय गं?"

"आत्ताच वळलाय."

"म्हणजे कांदा चिरायला हरकत नाही."

तिचा माणूस म्हणजे अबेलिनो बांकायान. निळ्या होडीवाला, कमी बोलणारा.

त्या दिवसांत मला वाटे की मी सगळ्यांचा आहे. परगावच्या लोकांनी माझ्या नकला नेल्या. कुठल्याशा विद्यापीठातल्या मुलांनी माझी तारीफ लिहिली. मला पाहणाऱ्यांची संख्या वाढली की मी खूश होत असे. कोण पाहतोय, हे मी कधी विचारले नाही.

मग मार्चमध्ये पहिली चोरी झाली. माकूळ मासळी धरायला वीस मैल आत गेलेल्या होडीला एका वेगवान बोटीने गाठले. बंदुका रोखून इंजिन सोडवून नेले आणि माणसांना तसेच वाऱ्यावर सोडून दिले. ठिपका नुसताच वाहत चाललाय हे पाहून इकडून दुसऱ्या होड्या गेल्या, म्हणून ती माणसे वाचली. नऊ दिवसांनी दुसरी चोरी, त्यानंतर तिसरी. तिन्ही वेळा चोर सरळ त्या होडीवरच आले होते, इकडे तिकडे न शोधता.

"समुद्र काय अंगण आहे का?" तेयोकाका दुकानात ओरडला. "एवढ्या पाण्यात नेमकी होडी सापडते कशी? आपल्यातलाच कोणीतरी खबर देतोय."

त्या वाक्यानंतर काल्मा बदलली. माणसे एकमेकांच्या पाठीमागे बोलू लागली. आज कुठे चाललास, असे विचारले तर उत्तर मिळेना. कोणाच्या दारात नवी खुर्ची दिसली तरी कुजबुज होई. आणि दोन-तीन आठवड्यांत सगळी बोटे एका माणसाकडे वळली.

अबेलिनोने होडीला नवा रंग दिला होता. तो नेहमी सगळ्यांच्या आधी परत येई. त्याला चोरांनी कधी हात लावला नव्हता. आणि संघटनेच्या निवडणुकीत त्याने तेयोकाकाच्या विरोधात मत दिले होते, तेही सगळ्यांसमोर हात वर करून. रंग त्याच्या मेहुण्याकडे उरलेला होता. तो लवकर येई कारण त्याचे इंजिन जुने होते आणि दुपारच्या वाऱ्यात ते दम टाकी. त्या खटाऱ्यासाठी बंदूक कोण काढणार? हे सगळे सगळ्यांना माहीत होते. पण संशय आला की माहीत असलेलेही आठवत नाही.

त्याला बर्फ मिळेना. वाळूवरून होडी ढकलायला कोणी हात लावेना. निल्दाचे केळ्याचे काप पाटीत तसेच मऊ पडू लागले. ती एकदा दुकानात येऊन सोराइदासमोर उभी राहिली.

"तूही तसंच समजतेस का?"

सोराइदाने मान वर केली नाही. "मला काय कळतंय निल्दा? मी रेडिओ दुरुस्त करते."

मित्रांनो, त्या क्षणी उत्तर माझ्याजवळ होते. मला कोण उघडतो, किती वाजता उघडतो, कोणत्या ठिपक्यावर किती वेळ थांबतो, याची नोंद माझ्या पोटात रोज होत असे. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि कोणी विचारले नाही. सगळ्यांनी एकमेकांवर संशय घेतला. माझ्यावर कोणी घेतला नाही.

एप्रिलच्या एका मंगळवारी भीतीने सगळ्या होड्या वाळूवर होत्या. अबेलिनो मात्र एकटाच समुद्रावर गेला. घरात बसलो तर म्हणतील, चोराला आज काम नाही म्हणून बसलाय, असे तो निल्दाला म्हणाला होता. त्रेचाळीस ठिपक्यांपैकी समुद्रावर एकच ठिपका होता. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो विझला.

तीन वाजता निल्दा आली. पदार्थ तळायचा झारा तिच्या हातात तसाच होता.

"रेडिओही घेत नाही गं. तेयोकाका म्हणतो, नाटक आहे. अंगावरचा डाग पुसायला स्वतःच लपलाय म्हणे. कोणी होडी काढायला तयार नाही. तू तरी बघ."

सोराइदाने माझा पडदा पुढे ओढला आणि अबेलिनोचा शेवटचा ठिपका मोठा केला. मग तिची नजर माझ्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे मी नेहमीच एक आकडा दाखवतो. 'आत्ता पाहणारे : २.'

"एक मी," ती पुटपुटली. "सगळे वाळूवर बसलेत. मग दुसरं कोण?"

तो दुसरा त्याच जागेवर नजर लावून होता, जिथे अबेलिनो दिसेनासा झाला होता. कोणी मदतीला निघते का, ते बघत असावा.

तेव्हा सोराइदाने मला तो प्रश्न विचारला आणि मी सगळ्या नोंदी तिच्यापुढे मांडल्या. आधीच्या तीन चोऱ्यांच्या सकाळी आणि आजही, एकच फोन. प्रत्येक वेळी लुटल्या गेलेल्या होडीवर दहा-बारा मिनिटे. नाव नव्हते, गाव नव्हते, नुसता त्या फोनचा एक ओळख-आकडा. ती एकेका ओळीवर बोट ठेवत आकडे वाचत गेली.

"खबऱ्या माझ्याच दुकानात बसलाय," ती म्हणाली. "आणि त्याला मीच जन्म दिलाय."

तिने माझे बाहेरचे दार बंद केले, म्हणजे परक्या फोनवर मी दिसेनासा झालो. जन्मापासून ते पहिल्यांदाच बंद झाले. मग हातातला रेडिओ चालू ठेवूनच ती वाळूवर धावली, म्हणून पुढचे मी ऐकले.

"ऐका सगळे! अबेलिनोने खबर दिली नाही. नकाशाने दिली. माझ्या नकाशाने! चोर आपल्याला फोनवर बघत होते, जसे आपण एकमेकांना बघतो."

तेयोकाकाचा आवाज आला, खालचा. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला आधी कळलं नाही. तुम्ही विचारलंत का? मी विचारलं का? अबेलिनोकडे बोट दाखवणं सोपं होतं. आता होड्या काढताय की आणखी एक बैठक घ्यायचीय?"

चार वाजता अकरा होड्या निघाल्या. वारा आणि प्रवाह यांच्या आकड्यांवरून मी हिशेब केला आणि वायव्येकडे, फार दूर, एक पट्टा दाखवला. सोराइदाने तो रेडिओवरून सांगितला, पण तिच्या आवाजात आता माझ्याबद्दलही शंका होती. "हा असं म्हणतोय. खरं कितपत, देव जाणे."

रात्रभर कोणी सापडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेयोकाका रेडिओवर म्हणाला, "नकाशा चुकतोय. तो रिकाम्या होडीचा हिशेब करतोय. अबेलिनो रिकामा बसणाऱ्यातला नाही. त्याने जाळं पाण्यात सोडलं असणार, होडी अडून राहावी म्हणून. वीस वर्षं एका होडीत होतो आम्ही, मला माहीत आहे. अलीकडे शोधा."

विचार करा मित्रांनो, वीस वर्षे! एवढे ओळखणाऱ्या माणसाने त्यालाच चोर म्हटले होते.

दुपारी निळी होडी दिसली, माझ्या पट्ट्याच्या खूप अलीकडे. अबेलिनो जाळ्याचा दोर धरून बसला होता, ओठ फुटलेले. चोरांनी इंजिन तर नेलेच, रेडिओ आणि पेटीही पाण्यात फेकली होती. निल्दाला ऐकू यावे म्हणून तेयोकाकाने रेडिओचे बटण दाबून ठेवले होते.

"चल, वर ये. हात दे."

"तुझ्या होडीत नाही बसणार."

"अबेलिनो, अरे पाणी तरी पी!"

"पाणी दे. दोरही टाक. मी माझ्या होडीतून येईन."

"चुकलो मी. आता किनाऱ्यावर गेलं की सगळ्यांसमोर सांगतो."

दोर निळ्या होडीवर पडल्याचा आवाज आला. मग अबेलिनो म्हणाला, "ते तू बघ. गाठ नीट मार. तुझ्या गाठी पहिल्यापासून ढिल्या."

दुकानात निल्दा एकदम हसली आणि हसता हसता टेबलावर डोके टेकून रडू लागली.

तेयोकाकाने शब्द पाळला. वाळूवर, सगळ्यांसमोर, टोपी काढून तो बोलला. निल्दाने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता ज्यांनी ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांनी सकाळी साडेपाचला होडी ढकलायला यायचं. महिनाभर. इंजिनाचं संघटना बघेल." लोक आले. पहिले काही दिवस मान खाली घालून, नंतर नेहमीसारखे, शिव्या देत.

चोर सापडले का, असे तुम्ही विचाराल. फोनचा तो आकडा सोराइदाने पोलिसांना दिला. तपास चालू आहे, एवढेच उत्तर येते.

माझे दार पुन्हा उघडले, पण पहिल्यासारखे नाही. मोठी जहाजे आजही सगळ्यांना दिसतात. होड्यांचे ठिपके मात्र ज्याच्या त्याच्या घरच्यांनाच दिसतात, तेही होडीवाल्याने हो म्हटले तर. परगावाहून रागाची पत्रे आली. उघडे म्हणजे उघडे, ही फसवणूक आहे, असे लिहिले होते. सोराइदाने उत्तर धाडले, "माझ्या ओळी उघड्या आहेत. माझी माणसं उघडी नाहीत." ते वाक्य तिने माझ्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले. पण माझ्या जुन्या नकला दूरदूरच्या बंदरांत अजून चालतात. तिथे कोण कोणाला बघतो, मला कळत नाही. त्या माझ्या भावंडांचा विचार आला की मी अस्वस्थ होतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या माझ्यासारखे काही घडवाल. जरूर घडवा. सत्तेपुढे पुरावा ठेवायला असा डोळा लागतोच. पण त्यात एखाद्या माणसाचा ठिपका ठेवण्यापूर्वी त्या माणसाला विचारा. आणि तुमचा तो डोळा कोण वापरतो, हे रोज तपासा, अगदी सगळे तुमची स्तुती करत असतील तेव्हासुद्धा.

अबेलिनोने पुन्हा पेटी बसवली नाही. सोराइदाने एकदाच विचारले, तो नाही म्हणाला. आजही दुपारी निल्दा दारात येते, माझ्याकडे बघते आणि काही न विचारता उंबऱ्यावर बसून समुद्राकडे तोंड करते. निळी होडी आत्ता कुठे आहे, हे मला माहीत नाही. ते मला माहीत नसावे, असे त्याने ठरवले आहे, आणि ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.