लख्ख गाडी

आक्कांच्या नाकावर माशी बसायची नाही, आणि बसलीच तर धड उडून जायची नाही. नवरा अर्ध्यावर सोडून गेला तेव्हा पदरात दोन पोरं आणि घराला चिकटलेली पिठाची गिरणी. ती गिरणी त्यांनी एकटीनं ओढली. कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही. हात पट्ट्यावर आणि जीभ गिऱ्हाइकावर, दोन्ही सारखीच चालायची.

जन्म पिठात गेलेल्या बाईला धुळीचा राग असणारच. केसांत पीठ, पापण्यांवर पीठ, कानांमागे पीठ. लेकीला शाळेत पोरं ‘पिठाच्या डब्यातली’ म्हणून चिडवायची. ती रडत घरी आली की आक्का तिला पुन्हा न्हाऊ घालायच्या, इतकं घासायच्या की पोर पिठापेक्षा आंघोळीला जास्त रडायची. पुढे गिरणी बंद झाली, मुलगा शिकून चांगल्या नोकरीला लागला, घरात सून आली. पण उंबऱ्यावर बोट फिरवून बघायची आक्कांची सवय काही गेली नाही.

त्या घरात आता गाडी यायची होती. घराण्यातली पहिली, नवी कोरी, काळी.

“गाडी न धुता आणायची आहे,” मुलगा जेवताना म्हणाला.

“म्हणजे रे काय?”

“शोरूमवाल्यांनी फडकं लावायचं नाही. मी लिहून दिलंय. ‘धुऊ नये’ असा कागद आरशाला अडकवायला सांगितलाय. एकाच बादलीत दहा गाड्या धुतात ते लोक, आई. चाकं पुसलेलं फडकं तसंच टपावर फिरवतात. त्यातली रेती रंगावर घासते. आणि काळा रंग, एकेक रेघ दिसते. मी घरी आणून धुणार. दोन बादल्या, मऊ हातमोजा, सगळं आणून ठेवलंय.”

“शाबास! म्हणजे नवरी बिनआंघोळीची बोहल्यावर उभी करायची आणि लग्न लागल्यावर न्हाऊ घालायची.”

मुलगा हसला. सून हसली नाही. आक्का स्वतः हसल्याशिवाय ती त्यांच्या विनोदांना हसत नसे.

आक्का मात्र रात्रभर कुढत राहिल्या. सारी गल्ली दारात उभी राहणार आणि समोर काय, तर धुळीनं भरलेली गाडी! लोक तोंडावर काही बोलणार नाहीत. मागे म्हणतील, पिठाच्या घरात धुळीचीच गाडी यायची. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यागेल्या त्यांनी जावयाला फोन लावला.

या जावयाचं प्रकरण निराळं होतं. लेकीनं स्वतः पसंत केलेला, गरीब स्वभावाचा माणूस. छापखान्यात होता, तो बंद पडला आणि हा बरेच महिने घरी बसला. त्या काळात आक्कांनी त्याला जे ऐकवलं ते ऐकून भिंतीलासुद्धा खाली बघावंसं वाटलं असतं. मग त्याला शोरूममध्ये काम लागलं. “डिलिव्हरीच्या गाड्यांचं बघतात,” लेक म्हणाली. रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. आक्कांची जीभ एकदम मऊ झाली. नुसत्या ‘अहो’चा ‘जावईबापू’ झाला, आणि गल्लीत ‘आमचे जावई मोठ्या हुद्द्यावर’ सुरू झालं. मुलानं गाडी घ्यायचं काढलं तेव्हा जावई चाचरत म्हणाला होता, दुसऱ्या शोरूममधून घ्या, आमच्याकडे फार गर्दी असते. आक्कांनी त्याला उडवूनच लावलं. घरचा माणूस आत बसलेला असताना परक्याच्या दारात कशाला जायचं?

“बोला, आई,” जावयानं फोन उचलला.

“जावईबापू, आमची गाडी आली का हो?”

“आली. मागच्या आवारात उभी आहे.”

“कशी दिसते?”

“छान आहे. धूळ बसलीय थोडी. दादांनी कागद लावायला सांगितला होता, तो लावलाय.”

“तो काढा.”

पलीकडे नुसतं पाणी पडत असल्याचा आवाज आला.

“ऐकताय ना? जन्मभर पीठ झटकलंय मी. माझ्या दारात मळकी गाडी यायची नाही. तुमच्या हाताखाली माणसं असतील की. त्यांना सांगा, चांगली घासूनपुसून लख्ख करून द्या.”

“आई, दादा रागावतील. त्यांनी लिहून दिलंय.”

“त्याला कशाला कळतंय! आणि रागावलाच तर मी आहे ना. सरळ माझ्यावर ढकला. आजवर एवढं एकच काम सांगितलंय तुम्हाला, तेही जमत नसेल तर तसं सांगा.”

“नाही, तसं नाही. करतो, आई.”

सून तिथेच पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. “ह्यांनी नको म्हटलं होतं ना?” ती हळूच म्हणाली.

“तू घड्या घाल.”

सुनेनं घड्या घातल्या.

गाडी आणायच्या दिवशी सकाळीच लेकीचा निरोप आला, ह्यांना आज दुसऱ्या शाखेत पाठवलंय, भेट होणार नाही. आक्कांना चुटपुट लागली. जावयाची ओळख सांगून तिथे जरा मिरवता आलं असतं.

शोरूमच्या पांढऱ्या दिव्यांखाली गाडी अशी चमकत होती की आक्कांनी तिच्या दारात आपला चेहरा पाहिला आणि कपाळावरची बट सारखी केली. मॅनेजरनं मुलाला किल्ली दिली, सुनेसकट तिघांचा फोटो काढला. मुलाच्या कपाळावर आठी होती. “धुतलेली दिसतेय,” तो पुटपुटला. “चांगलंच आहे की,” आक्का म्हणाल्या, आणि मनात म्हणाल्या, जावई शब्दाचा पक्का निघाला.

मग गाडी बाहेर उन्हात आली.

मुलगा तिच्याभोवती एक फेरी मारून बॉनेटपाशी थांबला. मान तिरकी केली, वाकला आणि तसाच वाकून राहिला. आक्का जवळ गेल्या. काळ्या रंगात सूर्य उतरला होता आणि त्याच्याभोवती बारीक, गोल गोल रेघांचं जाळं पसरलं होतं. कोळ्यानं रात्रभर बसून विणावं तसं. टपावर तेच, दारांवर तेच. मागच्या दारावर तर ब्रश फिरल्याचे सरळ ओरखडे. जिथे जास्त हात फिरला होता तिथे जास्त.

“कागद कुठे गेला?” मुलाचा आवाज चिरकला. “मी लिहून दिलं होतं तुम्हाला!”

मॅनेजर सावरासावर करू लागला. मुलगा ऐकेना. पाच वर्षं त्यानं या गाडीची वाट पाहिली होती. आक्कांना ते ठाऊक होतं.  पण त्यांची रीत अशी, की आत भीती शिरली की बाहेर जीभ धावायची.

“कुणा मेल्यानं हात लावला हो?” त्या कडाडल्या. “हात आहेत की खवणी? असली माणसं दारात तरी उभी करता कशाला?”

त्यांच्या मनात होतं, असेल कुणी जावयाच्या हाताखालचा. दोन शिव्या खाईल, विसरून जाईल.

“ज्यानं धुतली त्याला बघायचंय मला,” मुलगा म्हणाला.

मॅनेजर त्यांना मागच्या आवारात घेऊन गेला. पुढच्या काचा आणि गुळगुळीत फरशी संपली की मागे पत्र्याची शेड, खाली कायम ओला सिमेंटचा उतार. बादली एकच, तिच्यातलं पाणी चहाच्या गाळासारखं. फडकं जमिनीवर पडलेलं, ते उचलून न झटकताच पुन्हा गाडीवर जात असणार हे बघताच कळत होतं. शेजारी चाकं घासायचा ब्रश. डिलिव्हरीच्या गाड्या ओळीनं उभ्या.

आक्कांना आधी दिसला तो शर्ट. भिंतीच्या खिळ्यावर, हँगरला, कडक इस्त्रीचा, निळ्या चौकड्यांचा. तो त्यांनीच दिला होता. जावयाला चांगलं काम लागलं म्हणून, दुकानात उभं राहून, कापड दोन बोटांत चोळून घेतलेला.

मग गाडीमागून माणूस उठला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात भिजून पोटाला चिकटलेला बनियन.

 मुलाचे कान लाल झाले. तो ‘भाऊजी’ म्हणाला नाही.

“काल ती काळी गाडी तूच धुतलीस ना?” मॅनेजरनं विचारलं.

“हो, साहेब.”

“आरशाला कागद होता की नव्हता?”

जावयानं ओले हात पँटला पुसले. एकदाच आक्कांकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, मागणंही नव्हतं. पावसात भिजत आलेला माणूस दार उघडं आहे का एवढंच बघतो, तसं.

एकच वाक्य बोलायचं होतं. मी सांगितलं होतं. ते आक्कांच्या जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच्यामागे बाकीची वाक्यं रांग लावून उभी होती. बाई, तुम्ही ह्याच्या कोण? हा तुमचा जावई? हाच तो मोठ्या हुद्द्यावरचा? आणि मुलगा काय म्हणेल, त्याच्या पाच वर्षांवर आईनंच पाणी ओतलं? जी जीभ आयुष्यात कुणाला भ्याली नव्हती, ती टाळ्याला चिकटून बसली.

जावयानं थोडी वाट बघितली. मग खाली बघितलं.

“कागद दिसला नाही, साहेब. माझं चुकलं.”

“आणि एवढी खरवडलीस कशाला? बाकीच्यांवर पाणी मारून सोडतोस!”

“लख्ख व्हावी म्हणून,” तो म्हणाला.

सुनेनं मान वळवून आक्कांकडे बघितलं. आक्का खिळ्यावरच्या शर्टाकडे बघत राहिल्या.

“बूट इथेच ठेव आणि नीघ,” मॅनेजर म्हणाला. “ह्या बाई म्हणाल्या ते बरोबर आहे. असली माणसं दारात उभीच करू नयेत.”

घरी येताना नवी गाडी मढं नेत असल्यासारखी हळू चालली होती.

“तिला माहीत असेल का?” मुलानं बहिणीबद्दल विचारलं.

“शर्टाला इस्त्री कोण करतं मग?” सून म्हणाली.

“मी बोलायला हवं होतं तिथे.” त्यानं गिअर बदलला. “पण माझ्याच गाडीचा कागद का काढला त्यांनी? मुद्दाम?”

मागच्या सीटवर आक्का काचेबाहेर बघत होत्या. गल्ली दारात उभीच होती. “काय चमकतेय हो, आक्का!” शेजारीण म्हणाली. संध्याकाळ झाली होती. जाळं दिसायला वर ऊन नव्हतं.

चार दिवसांनी लेक आली. पाणीसुद्धा न पिता बसली.

“ह्यांचं काम गेलं. दादाचीच गाडी होती म्हणे. तू होतीस ना तिथे?”

“होते.”

“धुलाईवर होते हे मी लपवलं तुझ्यापासून. तुझ्या जिभेला घाबरून लपवलं, दुसरं काही नाही.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही, आई. कागद दिसला नाही म्हणतात. पंखा चालू राहिला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारा माणूस हा! आणि आदल्या रात्री घरी आले ते खुशीत. म्हणाले, आज आईंची गाडी स्वतःच्या हातानं धुतली, चेहरा दिसेल अशी केली. दोन्ही खांदे भरून आले होते, मी तेल चोळून दिलं. त्यांना कुणी सांगितलं होतं का गं?”

सून चहा घेऊन दारात आली होती. ती आत आली नाही. कप हातात धरून तिथेच उभी राहिली.

आक्कांनी सुनेकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

“मला काय विचारतेस?” त्या म्हणाल्या. “माणूसच तो. होतं चुकून.”

लेकीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि तो नवऱ्यावरचा विश्वास होता हे आक्कांना कळलं. सुनेनं कप ठेवला. बशीत थोडा चहा सांडला. तिनं तो पुसला नाही, आणि आक्काही तिला पूस म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर या घरात उंबऱ्यावर बोट फिरलं नाही. सून खालच्या मानेनंच वावरत होती, वेळेवर चहा देत होती. पण आक्का काही बोलायला तोंड उघडत आणि ती नुसती वर बघे. तेवढं पुरत असे.

मुलानं यंत्रानं पॉलिश करणाऱ्याकडून रंग घासून घेतला. तो म्हणाला, रेघ जाते म्हणजे वरचा थर जातो. पातळ होत जातो रंग, पुन्हा पुन्हा करता येत नाही. काही रेघा गेल्या, खोल होत्या त्या राहिल्या. जावई परगावी मालाच्या गोदामात हमालीला लागला. लेक म्हणायची, फोनवर दोन शब्द बोलतात. तीही आता दोनच बोलायची.

एका दुपारी घरात कुणी नसताना आक्कांनी फोन लावला.

“बोला, आई.” अगदी तसाच, पहिल्यासारखा.

“बरे आहात ना?”

“बरा आहे.” मागे खोकी आदळत होती, कुणीतरी ओरडत होतं.

“जेवणबिवण वेळेवर होतं?”

“होतं.”

आक्कांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. “जावईबापू, त्या दिवशी—”

“आई,” तो मधेच म्हणाला. मोठ्यांचं बोलणं त्यानं आजवर कधी तोडलं नव्हतं. “गाडीवरच्या रेघा गेल्या का हो?”

खिडकीबाहेर गाडी उभी होती. ऊन नेमकं बॉनेटवर आलं होतं आणि त्याच्याभोवती जाळं.

“गेल्या,” आक्का म्हणाल्या. “लख्ख आहे.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मोठ्या माणसानं ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, अशी त्याची रीत होती. आक्का बराच वेळ फोन कानाला धरून बसल्या. पलीकडे खोकी आदळत राहिली. मग त्यांनीच तो खाली ठेवला.