न दिसणारा खिसा

कापड बेतायच्या टेबलावर तीन पिस्तुलं ओळीनं मांडलेली बघून महबूब सोलकरच्या तोंडचं पाणीच पळालं. वय वर्षं एकसष्ट, त्यातली एकोणतीस कुवेतात, सबाह अल-सालेमच्या याच दुकानात. या टेबलावर पांढऱ्याशुभ्र पॉपलिनचे तागेच्या तागे कापले होते त्यानं, पण असला माल कधी आला नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर जूनचं ऊन रस्ता भाजत होतं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली होतं.

"घाबरतोस काय? रिकामी आहेत," बू फहद म्हणाला.

बू फहद म्हणजे दुकानाचा मालक. महबूबचा कफील, म्हणजे सरकारदरबारी जामीनदार, तोही तोच. दुकान त्याच्या नावावर, महबूबचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या सहीवर. साठी उलटलेल्या शिंप्याचा इकामा दर वर्षी पुढे ढकलायचा म्हणजे काय ताप असतो, ते ज्याचं त्याला ठाऊक. बू फहदच्या बापानं मुंबईत खजूर विकला होता, त्यामुळे त्या घरात हिंदी पिढ्यान्‌पिढ्या चालायची. माणूस वाईट नव्हता. ईदला महबूबला न विसरता बोकडाची तंगडी पाठवायचा. पण सध्या त्याची झोप उडाली होती. वफ्रातल्या शेतावरून सख्ख्या पुतण्यांशी वाकडं आलं होतं, आणि मागच्या महिन्यात शेतावरून परतताना कुणीतरी गाडी अडवून पुढची काच लोखंडी कांबीनं फोडली होती. पोलिसांत गेला नाही. घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला, म्हणाला.

"आता घराबाहेर पडेन ते यांतलं एक अंगावर घेऊनच," तो म्हणाला. "पण दिश्दाशात. दिसता कामा नये. कुठलं घेऊ ते तू सांग."

"मी? अरबाब, मला काय कळतं त्यातलं?"

"पिस्तुलातलं मला कळतं. दिश्दाशातलं तुला."

हे मात्र खरं होतं. त्या पायघोळ पांढऱ्या झग्यातलं महबूबएवढं कळणारा माणूस त्या गल्लीत नव्हता. उन्हाळ्याचं कापड इतकं पातळ की खिशातली चिल्लरसुद्धा चुगली करते. आणि कारागिराला कुणी असं आव्हान दिलं की त्याची भीती कुठल्या कुठे जाते, मेली! महबूबनं चष्मा नाकावर चढवला, बू फहदला नमुन्याचा दिश्दाशा घालायला लावला आणि पहिलं पिस्तूल उचललं.

ते मोठं होतं. बू फहद म्हणाला, यात पंधरा गोळ्या बसतात, हाताला धक्का कमी बसतो, नेम चुकत नाही. महबूबनं ते बाजूच्या खिशात सोडलं मात्र, झग्याचा खांदा एका अंगाला उतरला आणि गळ्याची पट्टी तिरकी झाली. "चाला," तो म्हणाला. बू फहद दारापर्यंत चालत गेला. दर पावलाला पिस्तूल मांडीवर आपटत होतं.

"आंधळ्यालाही कळेल," महबूब म्हणाला.

दुसरं जुन्या पद्धतीचं, गोल चक्रीचं. कधी अडकत नाही, दाबलं की सुटतं, असं त्याचं कौतुक बू फहदनं केलं. पण ती चक्री कापडातून अशी वर आली की वाटावं, शेठनं खिशात कुर्ली पकडून ठेवलीय. महबूबला हसू फुटलं. बू फहदही हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच.

तिसरं तळहाताएवढं, चपटं. वजन अर्धा किलोसुद्धा नाही. महबूबनं ते खिशात ठेवलं, बू फहदला वळवलं, वाकवलं, खुर्चीत बसवलं, उठवलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं. कुठे म्हणून कुठे काही दिसेना.

"हेच," तो म्हणाला.

"सहाच गोळ्या आहेत यात. आणि नळी छोटी, हातात उसळतं." बू फहद घुटमळला. "शिवाय परवान्याचा कागद मोठ्याचा आहे. याचा नाही. हे एकाकडून असंच आलंय."

आता इथं, बघा, महबूबनं गप्प बसायला हवं होतं. 'मग कागदवालंच घ्या' एवढे तीन शब्द बोलला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण आपली निवड बरोबर ठरलीय हा आनंद मोठा वाईट. आपण शिंपी, कागदाशी आपल्याला काय करायचंय, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि उघड म्हणाला, "अरबाब, मोठं घेतलंत तर चार दिवसांत कंटाळून घरी ठेवाल. जे अंगावर राहील तेच कामाचं. मी असा खिसा लावून देतो की अंगावर काही आहे हेच विसराल."

बू फहदनं त्याचा खांदा थोपटला. जाताना शटराखाली वाकून म्हणाला, "आपल्या शत्रुघ्नला यातलं काही बोलू नकोस. ड्रायव्हर लोकांची तोंडं सैल असतात."

शत्रुघ्नचं तोंड सैल! महबूबला ते लागलं. शत्रुघ्न पाष्टे गुहागर तालुक्यातला, महबूब पलीकडच्या दाभोळचा. मध्ये फक्त खाडी. नऊ वर्षं बू फहदची गाडी चालवत होता, आणि नऊ वर्षं दर शुक्रवारी महबूबकडे जेवायला यायचा. येताना मासळी तोच आणायचा, कालवण महबूब करायचा. जेवण झालं की शत्रुघ्न मशीनजवळ पाटावर बसून आपले फाटके कपडे शिवत बसे, कारण महबूबनंच त्याला दटावलं होतं, "अरे, शिंप्याचा दोस्त आणि शर्टाला पिन लावून फिरतोस? लाज वाटत नाय?" सुई धरायला त्यानंच शिकवलं. शेवटी धागा पक्का करायची आपली खास रीतही शिकवली. तीन उलटे टाके, तिसरा पहिल्याच्या पोटातून. दाभोळच्या उस्तादांकडून आलेली ती गाठ कुवेतात दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. कापड फाटेल पण ती सुटणार नाही, असं महबूब छाती पुढे काढून सांगायचा.

त्या शुक्रवारीही शत्रुघ्न जेवून गेला. महबूबनं पिस्तुलाबद्दल ब्र काढला नाही.

सहा दिश्दाशांना सहा खिसे लावले. नेहमीच्या खिशाच्या आत दुसरा, आणि त्यातून एक अरुंद पट्टी शिवणीशिवणीनं वर खांद्यापर्यंत नेलेली, म्हणजे वजन खांद्यानं झेलावं. शेवटी तीन उलटे टाके. आयुष्यात इतकं सुबक काम त्याच्या हातून झालं नव्हतं. पंधरा दिवसांनी बू फहदचा फोन आला, "महबूब, तू म्हणालास तसंच झालं. अंगावर आहे हेच विसरतो मी!" महबूब दिवसभर खुशीत होता.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी शत्रुघ्नचा फोन आला. "चाचा, अरबाबचा एक कपडा आणतोय. गळ्याची पट्टी उसवलीय. काल दसमानला लग्नात घातला होतान, संध्याकाळपर्यंत परत पायजे म्हणतायत. चहा टाका, आलोच."

महबूबनं चहा टाकला. चहावर साय धरली. तासाभरानं शेजारच्या लाँड्रीतला तौफीक धावत आला. वळणावर पोलिसांची तपासणी चालू होती आणि त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. शत्रुघ्नचे कागद चोख होते. पोलिसानं सहज म्हणून मागच्या सीटवरची पिशवी उघडली, दिश्दाशा दोन्ही खांद्यांना धरून वर उचलला, आणि तो एका अंगाला खाली ओढला गेला.

महबूबला लगेच उमगलं. बू फहद विसरला होता. लग्नाहून येऊन त्यानं कपडा काढून टाकला, मोलकरणीनं घडी घालून पिशवीत भरला, आणि पिस्तूल आतल्या आत राहिलं. अंगावर घातलेल्या कापडाचा महबूबनं सगळा विचार केला होता. माणूस आत नसताना तेच कापड कसं लोंबेल, याचा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

संध्याकाळी बू फहद स्वतः दुकानात आला. चेहरा राखेसारखा झाला होता. बसलासुद्धा नाही.

"ते पिस्तूल माझं नाही," तो म्हणाला. "बिनकागदाचं माझ्याकडे निघालं तर पुतणे मला उभा गाडतील. शेत जाईल, नाव जाईल. तू काही बघितलेलं नाहीस."

"आणि शत्रुघ्न, अरबाब?"

"त्याला वकील देतो. काही वर्षं आत राहील, मग घरी पाठवतील. त्याच्या बायकोला मी पैसे पाठवीन." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुझा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय. फखरुन्निसाचं कसं चाललंय?"

फखरुन्निसा म्हणजे महबूबची बायको. आठवड्यातून तीनदा चिपळूणला डायलिसिस. एक खेप चुकली तर पायांना सूज, दोन चुकल्या तर श्वास लागायचा. हे सगळं या दुकानावर चालायचं, आणि बू फहदनं विचारलं ते काळजीनं की धाक घालायला, हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. महबूब म्हणाला, "बरी आहे."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. खरं सांगितलं तर आपणही आत, नाहीतर विमानात. मग चिपळूणचं काय? नाही सांगितलं तर शत्रुघ्न. त्याच्या घरी नर्मदा, आणि बारावीतली प्रियांका. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर कुणी वळला? आपणच की!

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणं आलं. शत्रुघ्ननंच नाव दिलं होतं. तपास अधिकाऱ्याच्या खोलीत शिरताच त्यानं शत्रुघ्नला बघितलं. हातात बेड्या, दाढीचे खुंट, अंगात निळा शर्ट. महबूबला बघून त्याचा चेहरा असा उजळला की महबूबला जमिनीनं गिळलं तर बरं असं झालं.

"आले, चाचा आले!" तो अधिकाऱ्याला आपल्या मोडक्या अरबीत म्हणाला. "यांना विचारा. हा कपडा कुणाचा, खिसा कुणी लावला, हे सांगतील."

अधिकाऱ्यानं दिश्दाशा टेबलावर पसरला. आतला खिसा उलटा करून बाहेर काढला. कोपऱ्यात ते तीन टाके होते, पांढऱ्या रेशमाचे, तिसरा पहिल्याच्या पोटातून गेलेला.

"दिश्दाशा तू शिवलास?"

"हो. बू फहदसाहेबांचा."

"आणि हा खिसा?"

महबूब त्या टाक्यांकडे बघत राहिला. त्याला फखरुन्निसाचे सुजलेले पाय दिसले, देवाशपथ दिसले.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "नंतर कुणीतरी लावलाय."

"शिंप्याचं काम वाटतं का?"

"नाही. कच्चं काम आहे. हातानं कुणीही करेल."

शत्रुघ्नची अरबी बोलायला मोडकी असली, तरी नऊ वर्षं गाडी चालवून ऐकलेलं सगळं त्याला समजायचं. त्याला शब्दन्‌शब्द कळला. तो चिडला नाही, ओरडला नाही. थोडं पुढे वाकला आणि आपल्या भाषेत, शुक्रवारी पाटावर बसून बोलायचा तसाच हळू म्हणाला, "चाचा, चष्मा लावा ना. तुम्हांला नीट दिसत नसंल. तुमचेच टाके आहेत ते."

चष्मा महबूबच्या नाकावरच होता.

टाके म्हणताना शत्रुघ्ननं बेड्यांचे हात उचलून आपल्या शर्टाच्या खिशाकडे नेले होते. खूण सांगायची म्हणून, दुसरं काय! अधिकारी उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्या निळ्या खिशाचा कोपरा त्यानं उजेडाकडे धरला. उसवलेला खिसा शत्रुघ्ननं स्वतः शिवला होता. शेवटी तीन उलटे टाके होते.

"हा खिसा कुणी शिवला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मीच," शत्रुघ्न म्हणाला. तो बिचारा खरं बोलला. "चाचांनी शिकवलंय."

अधिकारी महबूबकडे वळला. "तू कारागीर आहेस. नीट बघ. दोन्हीकडचा हात एकच आहे का?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. महबूबनं निळा खिसा बघितला, पांढरा खिसा बघितला. निळ्यावरचे टाके जरा वाकडे होते, शिकाऊ हाताचे. ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. त्याच्या आलं.

"एकच," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि महबूबची सही घेतली. शत्रुघ्नला बाहेर नेताना त्यानं मागे वळून बघितलं की नाही, हे महबूबला कळलं नाही, कारण तो मान खाली घालून बसला होता.

पुढच्या महिन्यात इकाम्याचा नवा कागद आला. बू फहदनं उरलेले पाच दिश्दाशे पाठवले, खिसे काढून टाक म्हणून. महबूब एकेक गाठ उसवायला बसला. गाठी सुटेनात. शेवटी त्या ब्लेडनं कापायला घेतल्या, तेव्हा बोटही कापलं.

त्याच दुपारी गुहागरहून नर्मदाचा फोन आला. एवढे दिवस तिला कुणी धड काही सांगत नव्हतं.

"चाचा, तुम्ही भेटलाव त्यांना?"

"भेटलो."

"कसे आहेत? काय बोलले?"

महबूबला खोटं सुचेना. आता सुचायला हवं होतं, तर सुचेना. "चष्मा लावा म्हणाला," तो म्हणाला.

पलीकडे नर्मदा रडता रडता हसली. "तसेच हायत ते. स्वतः तुरुंगात, आणि काळजी तुमच्या डोळ्यांची." मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही हायत तिथं म्हणून मला धीर हाय हो. दुसरं कोण हाय त्यांना त्या मुलखात?"

"हो," महबूब म्हणाला. फोन ठेवून त्यानं बोटाला कापडाची चिंधी गुंडाळली आणि पाचवा दिश्दाशा पुढ्यात ओढला.